३० क्रेडिट घेऊन परतलेला विद्यार्थी १८ वर का थांबतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विद्यापीठाने दोन युरोपीय विद्यापीठांशी विद्यार्थी विनिमयाचा करार केला. चार विद्यार्थी एक सत्र तिकडे शिकून प्रत्येकी ३० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजण्याची पद्धत) क्रेडिट घेऊन परतले. त्यांच्या मूळ विद्यापीठात वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे सत्राला २० असतात. पण एकीला १८ मिळाले, दुसऱ्याला १३. तिसरीचं प्रकरण पुढचं सत्र अर्धं संपलं तरी परीक्षा विभागात अडकलेलं आहे. चौथ्याला २० मिळाले, पण श्रेणी घसरली. समन्वयकांना रूपांतराचं पक्कं सूत्र हवं आहे. शिवाय याच विद्यापीठांबरोबर संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम काढायचा आहे, त्यात काय जपायचं, हेही त्यांनी विचारलं आहे.

सूत्र पुढे देतो, ते अवघड नाही. पण तुमच्या चार विद्यार्थ्यांचं नुकसान चार वेगळ्या ठिकाणी झालं आहे आणि सूत्राने त्यातल्या फक्त दोघांचं भरून निघेल. मुळातली अडचण ही की मान्यता कोण देणार, कशाच्या आधारावर आणि कधी, हे विद्यार्थी निघण्याआधी ठरलं नव्हतं. परत आल्यावर कागद टेबलावर आले आणि प्रत्येक टेबलाने आपापल्या रीतीने हिशेब केला.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून ठेवतो. तुमचा देश कोणत्या मान्यता करारात सहभागी आहे, तुमच्या विद्यापीठाचे अध्यादेश बाहेरचे क्रेडिट किती प्रमाणात घेऊ देतात, आणि विषय वैद्यक किंवा नर्सिंगसारख्या परवान्याच्या व्यवसायाकडे जातो का, यावर उत्तराचा काही भाग बदलेल.

आधी एक गैरसमज दूर करू. बोलोन्या प्रक्रियेमुळे, म्हणजे उच्चशिक्षणाच्या चौकटी जुळवण्याच्या युरोपीय देशांच्या उपक्रमामुळे, युरोपातलं उच्चशिक्षण एकसारखं झालं, असं बऱ्याच कार्यालयांत गृहीत धरलं जातं. १९९८ मध्ये सोर्बोन इथे फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटन या चार देशांनी सुरुवात केली. १९ जून १९९९ रोजी बोलोन्यात २९ देशांच्या वतीने जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. २०१० मध्ये युरोपीय उच्चशिक्षण क्षेत्र औपचारिकपणे अस्तित्वात आलं आणि आज त्यात ४९ देश आहेत (रशिया आणि बेलारूस यांचे प्रतिनिधित्वाचे हक्क २०२२ पासून स्थगित आहेत). पण हा जाहीरनामा म्हणजे कायदा नव्हे. मंत्री ठरावीक वर्षांनी भेटतात, बांधिलकी जाहीर करतात, आणि प्रत्येक देश आपल्या कायद्यातून ती उतरवतो, कमीअधिक प्रमाणात. जुळवून घेतल्या गेल्या त्या चौकटी: पदवी, पदव्युत्तर आणि डॉक्टरेट असे तीन टप्पे, क्रेडिट मोजण्याची पद्धत, पदवीसोबतचं पुरवणी प्रमाणपत्र आणि गुणवत्ता तपासणीचे निकष. अभ्यासक्रमातला मजकूर, परीक्षेची पद्धत, गुणांची पट्टी, सत्रांचं वेळापत्रक यांतलं काहीही एकसारखं केलेलं नाही. तो हेतूही नव्हता. त्यामुळे ट्रान्सक्रिप्टवर (विषय, क्रेडिट आणि गुणांच्या पत्रकावर) ‘ईसीटीएस’ लिहिलंय म्हणून मान्यता आपोआप मिळत नाही, आणि विषयाचं नाव जुळत नाही म्हणून ती नाकारण्याचंही कारण नाही.

आता क्रेडिट. ईसीटीएसमध्ये पूर्णवेळ विद्यार्थ्याचं एका वर्षाचं काम म्हणजे ६० क्रेडिट. हे काम १,५०० ते १,८०० तासांचं धरतात, म्हणून एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास. इटली आणि ऑस्ट्रियात २५, नेदरलँड्समध्ये २८, जर्मनीत बहुतेक ठिकाणी ३०. या तासांत व्याख्यानं, प्रयोगशाळा, स्वतःचं वाचन, लेखी काम, परीक्षेची तयारी आणि खुद्द परीक्षा, सगळं आलं. याउलट अनेक देशांत क्रेडिट म्हणजे वर्गातले तास: सत्रात १५ तास शिकवणं झालं की १ क्रेडिट. दोन्हीकडे शब्द एकच, मोजली जाणारी वस्तू वेगळी. १३ क्रेडिटवाल्या विद्यार्थ्याचं बहुधा इथेच बिनसलं. युरोपात एका सत्राच्या ३० क्रेडिटमागे वर्गातले तास २०० च्या आसपास असू शकतात. कोणीतरी त्यांना १५ ने भागलं, १३.३ आले, आणि १३ लिहून टाकले.

बरोबर हिशेब वर्षाच्या हिश्श्याने होतो. तिकडच्या वर्षाचा कितवा भाग विद्यार्थ्याने पूर्ण केला, तेवढाच भाग इकडच्या वर्षाचा द्यायचा. म्हणजे मिळालेले ईसीटीएस गुणिले ४०, भागिले ६०. नेदरलँड्समधला ६ क्रेडिटचा विषय घ्या. त्याचं एकूण काम १६८ तास, वर्गात समजा ४०. वर्गाच्या तासांनी मोजलं तर २.६७ येतात आणि तळाला कापून २ राहतात. वर्षाच्या हिश्श्याने तो विषय वर्षाचा दहावा भाग आहे, म्हणून ४. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० क्रेडिट असतात, म्हणून तिथले २ म्हणजे १ ईसीटीएस. अमेरिकी पद्धतीत साधारण ३०, म्हणून तिथला १ म्हणजे २ ईसीटीएस. एका क्रेडिटमागे २५ तास की ३०, यावर वाद घालत बसू नका. पूर्णवेळ वर्ष हे दोन्हीकडे पूर्णवेळ वर्षच आहे.

१८ क्रेडिटवालीचं कारण त्याहून क्षुल्लक आहे, पण ते मला जास्त खटकतं, कारण ते कोणाच्या लक्षातच येत नाही. तिने ५ क्रेडिटचे सहा विषय घेतले असणार. प्रत्येक विषय वेगळा रूपांतरित केला की ३.३३ येतात, अपूर्णांक सोडला की ३, आणि सहा त्रिक अठरा. एकूण ३० एकदम रूपांतरित केले असते तर २० आले असते. म्हणून नियमातच लिहा: आधी बेरीज, मग रूपांतर, आणि अपूर्णांक उरलाच तर विद्यार्थ्याच्या बाजूने. संगणक प्रणालीला विषयवार पूर्णांकच लागत असतील तर २० चे ४, ४, ३, ३, ३, ३ असे वाटे करा. त्याहून चांगलं म्हणजे ‘विनिमय सत्र, २० क्रेडिट’ अशी एकच नोंद करून यजमान विद्यापीठाची मूळ ट्रान्सक्रिप्ट सोबत जोडा.

आता मान्यता कधी द्यायची ते. युरोपीय संघाच्या इरास्मस या विनिमय योजनेत यासाठी अध्ययन करार असतो, आणि तुमचा विनिमय त्या योजनेबाहेर असला तरी त्याचा साचा जसाच्या तसा वापरण्यासारखा आहे. त्यात दोन तक्ते असतात. पहिल्यात विद्यार्थी तिकडे कोणते विषय घेणार, दुसऱ्यात त्याबदल्यात इकडचा कोणता भाग माफ होणार. विद्यार्थी, मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ, तिघांच्या सह्या निघण्यापूर्वी. दोन तक्ते वेगळे ठेवण्यामागे विचार आहे. पहिल्यातला एकेक विषय दुसऱ्यातल्या एकेका विषयासमोर बसलाच पाहिजे असं नाही; अख्ख्या गठ्ठ्यासमोर अख्खा गठ्ठा बसतो. विषयाला विषय जोडायला गेलात की तिकडचे चांगले विषय ‘आमच्याकडे समतुल्य नाही’ म्हणून गळतात, आणि विद्यार्थ्याला परदेशी पाठवून इथलंच शिकवण्याचा आग्रह धरल्यासारखं होतं.

मग किती फरक चालेल? १९९७ च्या लिस्बन मान्यता करारातली कसोटी मला आजही सगळ्यांत उपयोगी वाटते: ठळक, महत्त्वाचा फरक दाखवता आला तरच मान्यता नाकारायची, आणि तो दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या संस्थेची. व्यवहारात मी ती अशी लावतो. अभ्यासक्रम पुस्तिका शेजारी ठेवून किती टक्के मजकूर जुळतो हे पाहायचं नाही. या सत्रातल्या कोणत्या अध्ययन निष्पत्तींवर (विषय संपल्यावर विद्यार्थ्याला जे यायला हवं त्यावर) पुढचा सक्तीचा विषय उभा आहे, एवढंच पाहायचं. समजा सहाव्या सत्रातल्या प्रगत विषयाला संख्याशास्त्रातलं प्रतिगमन विश्लेषण यायलाच हवं. तर तिकडच्या विषयांपैकी एकात ते असलं पाहिजे, ही अट योग्य. बाकी तीनचार विषय त्याच शाखेचे आणि त्याच पातळीचे असले की पुरे. पातळी मात्र बघा. पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तिकडे सगळे पहिल्या वर्षाचे विषय घेतले, तर तो फरक खरोखर महत्त्वाचा आहे.

यातली निम्मी डोकेदुखी अभ्यासक्रम आखतानाच संपवता येते. एक सत्र असं ठेवा की ज्यात सक्तीचे विषय कमीत कमी आणि ऐच्छिक जास्त असतील. तीन वर्षांच्या पदवीत पाचवं सत्र सहसा बसतं. शेवटचं सत्र टाळा, कारण मग तिकडची ट्रान्सक्रिप्ट येईपर्यंत पदवीच अडते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. अध्ययन करारावर समन्वयकाची सही असते, पण विद्यापीठाच्या लेखी त्या सहीला अधिकार नसतो. परत आल्यावर परीक्षा विभाग म्हणतो, अभ्यास मंडळाची मंजुरी दाखवा. मंडळाची बैठक दोन महिन्यांनी. म्हणून एकदाच, सर्व विनिमयांसाठी, विद्या परिषदेकडून ठराव करून घ्या: अभ्यास मंडळाने नेमलेल्या अमुक व्यक्तीची सही असलेल्या करारातले विषय विद्यार्थ्याने उत्तीर्ण केले, तर त्यांना पुढे कोणत्याही मंजुरीशिवाय मान्यता. या अर्ध्या पानाच्या ठरावाशिवाय बाकी सगळी व्यवस्था दरवर्षी व्यक्तींच्या मर्जीवर चालते, आणि माणूस बदलला की पुन्हा शून्यापासून.

विषय बदलतील, हेही गृहीत धरा. तिकडे पोहोचल्यावर दोन विषयांच्या वेळा एकमेकांवर येतात, एखादा रद्द होतो, एखादा इंग्रजीत शिकवणार म्हणून जाहीर झालेला स्थानिक भाषेत निघतो. बदलाचा अर्ज सत्र सुरू झाल्यापासून पाच आठवड्यांत आणि तिघांची संमती त्यापुढच्या दोन आठवड्यांत, ही मुदत व्यवहार्य आहे. बदल तोंडी मान्य करू नका. ईमेलवरची संमतीही मूळ कराराच्या फाइलला जोडलेली हवी. आणि ३० च्या जागी ३६ क्रेडिट घेण्याची विद्यार्थ्यांची हौस आवरा. वरचे सहा सहसा मान्यतेत बसत नाहीत, आणि त्यांच्या ओझ्याने एखादा विषय नापास झाला तर त्याचे क्रेडिट शून्य. ईसीटीएसमध्ये नापास विषयाचे काही अंशी क्रेडिट मिळत नाहीत.

तिसऱ्या विद्यार्थिनीचं अडकलेलं प्रकरण हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे. जर्मनीतल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र साधारण ऑक्टोबर ते मार्च. व्याख्यानं फेब्रुवारीत संपतात, परीक्षा त्यानंतरही चालतात, निकाल मार्च-एप्रिलमध्ये. निकाल लागल्यावर ट्रान्सक्रिप्ट निघायला पाच आठवड्यांपर्यंतचा अवधी सर्वमान्य आहे. तुमचं पुढचं सत्र जानेवारीत सुरू होत असेल तर मे महिन्याआधी कागद हातात येणं कठीण, आणि यात कोणाचीच कुचराई नाही. त्यावर तात्पुरत्या नोंदणीची तरतूद करा: विनिमयाहून आलेला विद्यार्थी पुढच्या सत्राला बसेल आणि निकाल आल्यावर नोंद पक्की होईल. कागद विद्यार्थ्याच्या हाती नव्हे, तर कार्यालयाकडून कार्यालयाकडे थेट यावा. पुनर्परीक्षा तिथे प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते की दुरून देता येते, हेही निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.

चौथ्याची श्रेणी. इथे सूत्रांनी फार नुकसान केलं आहे. इटलीत गुण ३० पैकी आणि उत्तीर्ण व्हायला १८ लागतात. फ्रान्समध्ये २० पैकी, उत्तीर्ण १० ला. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० काठावर उत्तीर्ण, ५.० नापास. टक्केवारी काढली तर फ्रान्समधला १४ म्हणजे ७० टक्के, साधारण कामगिरी. पण तिथे १४ पासून ‘बिएं’, म्हणजे चांगला, हा शेरा सुरू होतो आणि १६ च्या वर फार थोडे जातात. जर्मनीत प्रचलित असलेलं बव्हेरियन सूत्र लावून पाहा: कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या किमान गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. १४ साठी (२०−१४)÷(२०−१०)×३+१, म्हणजे २.८, जर्मन पट्टीवर ‘समाधानकारक’. विद्यार्थी तिथल्या वर्गात वरच्या फळीत होता, कागदावर मधल्या फळीत आला. पट्टीवर गुण सारखे पसरलेले असतात हे या सूत्राचं गृहीतकच चुकीचं आहे.

पूर्वी ईसीटीएसची स्वतःची ए ते ई अशी श्रेणी होती. उत्तीर्णांपैकी वरच्या १० टक्क्यांना ए, पुढच्या २५ ना बी, मग ३०, २५, १०. लहान वर्गांत ती निरर्थक ठरायची, आणि २००९ च्या मार्गदर्शिकेत तिच्या जागी गुणवितरण तक्ता आला. आज तोच वापरावा. दोन्ही विद्यापीठांनी त्या विद्याशाखेतल्या किमान मागच्या दोन वर्षांच्या फक्त उत्तीर्ण गुणांची वाटणी काढायची: कोणती श्रेणी किती टक्क्यांना मिळाली. मग दोन तक्ते वरून खाली शेजारी ठेवायचे. समजा तिकडे १६ आणि वर ८ टक्के, १४ ते १५ मध्ये पुढचे १७ टक्के. म्हणजे १४ चा विद्यार्थी वरच्या ८ ते २५ टक्क्यांत. तुमच्याकडे ए १० टक्क्यांना, बी पुढच्या ३० ना, म्हणजे १० ते ४०. दोन पट्टे बीमध्ये सर्वाधिक एकमेकांवर येतात, एला जरासे शिवतात. इथे बी द्यायचा की ए, हे धोरण म्हणून आधी ठरवा आणि सगळ्यांना तेच लावा. माझं मत विद्यार्थ्याला अनुकूल श्रेणीच्या बाजूचं आहे. यजमानाकडे असा तक्ता नसेल तर गुण रूपांतरित करूच नका. क्रेडिट द्या, श्रेणीच्या जागी ‘उत्तीर्ण’ लिहा आणि ते सत्र सरासरीतून वगळा. खोट्या अचूकतेपेक्षा हे न्याय्य.

तर आत्ता या चौघांसाठी: पहिल्या दोघांचे क्रेडिट वर्षाच्या हिश्श्याने पुन्हा मोजून २० करा. तिसरीला तात्पुरती नोंदणी द्या. चौथ्यासाठी यजमान विद्यापीठाकडे गुणवितरण तक्ता मागा. विद्या परिषदेच्या ठरावात मागील प्रकरणांसाठी एक ओळ घातलीत तर हे नियमात बसेल.

कायद्याची बाजूही तपासून घ्या. लिस्बन करार युरोप परिषद आणि युनेस्को यांचा असून, बोलोन्याच्या उलट, तो मान्य करणाऱ्या देशांवर बंधनकारक आहे. युरोपाबाहेरचे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा हेही त्यात आहेत. आशिया-पॅसिफिकसाठी २०११ चा टोकियो करार आहे, तो २०१८ मध्ये अमलात आला. आणि युनेस्कोने २०१९ मध्ये स्वीकारलेला जागतिक करार ५ मार्च २०२३ पासून लागू आहे. तुमचा आणि यजमान देश यांतल्या कोणत्याही एका करारात एकत्र असतील, तर सामंजस्य करारात त्याचा उल्लेख करा. नसतील तर लिस्बन कराराची कसोटी आणि पुराव्याची जबाबदारी ही दोन कलमं स्वतःच्या शब्दांत करारात लिहून घ्या. त्यासाठी कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळू. इथे पहिला प्रश्न पदवीपत्र एक की दोन, हा. एकाच कागदावर दोन विद्यापीठांची नावं घालायला काही देशांच्या कायद्यात मोकळीक आहे, काहींत अडथळे आहेत. जाहिरात काढण्याआधी तिन्ही विद्यापीठांच्या कायदा विभागांकडून लेखी उत्तर घ्या. दोन स्वतंत्र पदव्या देणार असाल तर तेच १२० क्रेडिट दोन्हीकडे मोजले गेले आहेत हे प्रत्येक पदवीच्या पुरवणी प्रमाणपत्रात स्पष्ट लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल विद्यार्थ्याने २४० क्रेडिटचं काम केलं. युरोपात या पुरवणीचे आठ भाग असतात. कार्यक्रमाचा तपशील आणि निकाल चौथ्या भागात, देशाच्या शिक्षणव्यवस्थेची माहिती आठव्यात. तुमच्या बाजूनेही तोच आराखडा वापरा.

गुणवत्ता तपासणी तीनदा करून घेण्याची गरज नसावी. २०१५ मध्ये बोलोन्या प्रक्रियेतल्या मंत्र्यांच्या येरेवानच्या बैठकीत संयुक्त अभ्यासक्रमांसाठी युरोपीय पद्धत मान्य झाली: गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थांच्या युरोपीय नोंदवहीतल्या एका संस्थेने, एका समान निकषसंचावर, संपूर्ण अभ्यासक्रम एकदाच तपासायचा. प्रत्येक देशाचा कायदा याला वाट देतोच असं नाही, तेव्हा हेही आधी विचारा.

प्रवेशाचं गणित नीट मांडा. पदवी १८० ते २४० क्रेडिटची आणि पदव्युत्तर सहसा ९० ते १२० ची, काही ठिकाणी ६० ची असते. १८० आणि १२०, किंवा २४० आणि ६०, दोन्हींची बेरीज ३००, आणि ती पुढे डॉक्टरेटला सहसा अडत नाही. १८० वर ६० चा अभ्यासक्रम घेतलेला विद्यार्थी मात्र २४० वर राहतो आणि अनेक ठिकाणी डॉक्टरेटच्या दारात अडवला जातो. प्रबंध ३० क्रेडिटचा असेल तर मार्गदर्शक दोन्हीकडचे, परीक्षक कोण, श्रेणी कोणत्या पट्टीवर आणि मतभेद झाल्यास अंतिम शब्द कोणाचा, हे करारात हवं. विषय परवाना लागणाऱ्या व्यवसायाचा असेल तर क्रेडिटनी परवाना मिळत नाही, हे माहितीपत्रकात ठळक लिहा. युरोपीय संघात वैद्यकाला किमान पाच वर्षं आणि ५,५०० तास, सामान्य नर्सिंगला किमान तीन वर्षं आणि ४,६०० तास लागतात, आणि ते स्वतंत्र कायद्याने तपासले जातात.

आणि एक कलम जे बहुतेक करारांत नसतं: विद्यार्थी मधेच बाहेर पडला तर काय. पहिलं वर्ष तुमच्याकडे पूर्ण करून दुसऱ्या वर्षी यजमानाकडे नापास झालेल्या विद्यार्थ्याला तुमची एकट्याची पदवी मिळू शकते का, त्यासाठी अजून किती क्रेडिट लागतील, भागीदार विद्यापीठाने करारच मोडला तर आधीच प्रवेश घेतलेल्या तुकडीला कोण पदवीपर्यंत नेणार. हे सह्या होण्याआधी लिहून घ्या.